१६५ ते ३१५ : एका मागच्या चाकाची साठ वर्षं

१९६० च्या दशकाच्या मध्यावर पोर्शेच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या काही ९११ गाड्यांच्या पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना, आतल्या बाजूने, ओतीव लोखंडाचा एकेक ठोकळा बसवलेला असे. प्रत्येकी ११ किलोचा. स्पोर्ट्‌स कारमधला किलो-किलो कमी करण्यासाठी इंजिनिअर रात्री जागवतात आणि इथे बावीस किलो मुद्दाम चढवलेले! कारण होतं गाडीच्या शेपटीत. सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लोंबत होतं. वेगात वळण घेताना चालकाने दचकून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की भार पुढे सरके, मागची चाकं हलकी होत आणि गाडीचं बूड तोंडाला मागे टाकून पुढे जाऊ पाही. बाण पिसांकडून फेकला तर हवेत उलटतो, तसं काहीसं.

लोखंडाचे ठोकळे ही वेळ मारून नेण्याची युक्ती होती. खरी दुरुस्ती रबरात आणि रिममध्ये झाली, आणि ती अजून चालूच आहे. ट्रॅकवर पळवायच्या गाडीला किती रुंद रिम घ्यावी, किती टायर, पुढे किती नि मागे किती, या प्रश्नाची एकाच मॉडेलने इतकी वर्षं इतक्या उघडपणे दिलेली उत्तरं मला दुसरीकडे सापडत नाहीत. फेरारीत इंजिनच हलवलं गेलं. पोर्शेने इंजिन तिथेच ठेवलं आणि चाकं बदलली.

सुरुवात अगदी साधी होती. रिम १५ इंची, साडेचार इंच रुंद. टायर १६५ मिलिमीटरचा. चारही चाकं सारखी. आज एखाद्या छोट्या हॅचबॅकलाही तो टायर बारीक दिसेल. १९६७ च्या मॉडेलपासून ९११ एसला ती प्रसिद्ध पाच पाकळ्यांची फुक्स रिम मिळाली. जर्मनीतल्या माइनर्त्सहागेन गावच्या ओटो फुक्स कंपनीने ती अ‍ॅल्युमिनियम ओतून नव्हे, घडवून बनवली. आपल्याकडे मॅगव्हील म्हटलं की शोभाच डोळ्यांपुढे येते. पण या रिमचा मुद्दा वजनाचा होता. चाक स्प्रिंगच्या खाली असतं. रस्ता वर ढकलतो ते वजन चाकाचं. ते जितकं कमी, तितका टायर रस्त्याला चिकटून राहतो. शिवाय चाक फिरतंही, म्हणजे वेग वाढवताना आणि ब्रेक लावताना तेच वजन पुन्हा एकदा मोजावं लागतं.

मग तीन वर्षांत रिमची रुंदी साडेचारवरून साडेपाच, साडेपाचवरून सहा इंच झाली, आणि १९६९ च्या मॉडेलमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं गेलं. इंजिन जागच्या जागी. मागची चाकंच त्याच्याकडे सरकवली. चारही टायर अजून सारखेच होते.

ती समानता मोडली १९७२ च्या शरद ऋतूत, पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या करेरा आरएस २.७ ने. शर्यतीत उतरवता यावी म्हणून ५०० गाड्या रस्त्यासाठी बनवणं भाग होतं; विकल्या गेल्या १५८०. मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा पंख, हलक्या आवृत्तीचं वजन ९६० किलो, ताकद २१० अश्वशक्ती. लोक पंखाबद्दल बोलतात. मी या गाडीकडे पाहतो ती टायरच्या कडेवरच्या आकड्यांसाठी. पुढे १८५/७०, मागे २१५/६०. पुढची रिम सहा इंच, मागची सात. पुढे-मागे वेगळी मापं घेऊन कारखान्यातून निघालेली ही रस्त्यावरची पहिली पोर्शे.

हे आकडे जरा सोडवून पाहण्यासारखे आहेत. १८५/७० म्हणजे टायर १८५ मिलिमीटर रुंद आणि त्याच्या कडेची उंची रुंदीच्या सत्तर टक्के, म्हणजे १२९.५. आता मागे २१५ चे साठ टक्के काढा : १२९. टायर तीस मिलिमीटरने रुंद झाला, पण उंची अर्ध्या मिलिमीटरनेच हलली. चारही चाकांचा व्यास जवळपास ६४० मिलिमीटर राहिला. गिअरची गणितं बिघडली नाहीत, गाडीची पातळीही नाही. ट्रॅकसाठी टायर बदलणारा माणूस आजही इथेच फसतो. रुंदी वाढवतो, पण टक्के खाली आणत नाही. मग चाक उंच होतं, स्पीडोमीटर खोटं बोलतो, आणि पुढे-मागे वाढ सारखी नसेल तर एबीएसला वाटतं एक चाक घसरतंय.

आता रिम. तिच्यावर एक आकडा ठोकलेला असतो, ऑफसेट. जर्मन लोक त्याला ईटी म्हणतात. रिमच्या रुंदीचा मध्य आणि गाडीला बोल्टने चिकटणारा तिचा पृष्ठभाग यांच्यातलं ते अंतर. सहा इंची फुक्सचा ऑफसेट ३६ मिलिमीटर होता, सात इंचीचा २३.३, पुढे आलेल्या आठ इंचीचा १०.६. दर पायरीला वजा होतात बरोबर १२.७, म्हणजे अर्धा इंच. म्हणजे काय झालं? रिम एक इंच वाढली तर अर्धा इंच आत आणि अर्धा बाहेर जायला हवी. पण मध्यच अर्धा इंच बाहेर ढकलल्यामुळे आतली कड जागेवरून हललीच नाही; आख्खा इंच बाहेर गेला. आत सस्पेन्शनचे हात होते, तिथे सुईलाही जागा नव्हती. म्हणून पत्रा वाढवावा लागला : आरएसचा मागचा भाग ४२ मिलिमीटरने रुंद केला. ज्या फुगीर कुल्ल्यांवर आज लोक फिदा आहेत, ती ऑफसेटच्या वजाबाकीची देणगी आहे. बोल्टचं वर्तुळ मात्र पोर्शेच्याच १९६३ च्या ३५६ सीपासून आजच्या साध्या ९११ पर्यंत तेच, पाच बोल्ट आणि १३० मिलिमीटर. त्यामुळे चाक ‘बसतं’ याला काही अर्थ नाही. बोल्ट बसतात, चाक बसेलच असं नाही.

पण मागचाच टायर रुंद का? टायर रुंद केला की जमिनीला टेकणारं रबर वाढतं, असं सगळेच धरून चालतात. भार आणि हवेचा दाब तोच असेल तर टेकणारं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. बदलतो तो आकार. लांबट पट्ट्याऐवजी आडवा पट्टा मिळतो, आणि वळणात तो अधिक कामाचा. त्याहून मोठी गोष्ट अशी की रबरावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, कमीच राहते. ९११ चा सुमारे साठ टक्के भार मागच्या दोन चाकांवर. तेवढ्या ओझ्याखाली सारख्याच मापाचा टायर आधी थकणार. म्हणून मागे रुंद. आणि पुढे, हे कोणी मोठ्याने बोलत नाही, मुद्दाम अरुंद : वळणात आधी तोंड सरकलं तर चालक घाबरून पाय काढतो आणि गाडी सावरते, आधी बूड सरकलं तर तोच पाय त्याला कुंपणात नेतो.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातली टर्बो मी पटकन ओलांडतो. लान्चिया स्ट्रॅटोस रॅलीत पळत होती, तिच्यामुळे पिरेलीचा पी-७ हा बुटक्या कडेचा टायर जन्मला आणि टर्बोला लाभला. पुढे चाकं १६ इंची झाली, २०५ आणि २२५. रबर सुधारलं. इंजिनाची ताकद त्याहून जास्त वाढली.

१९९१ ची ९६४ आरएस (९६४ हे ९११ च्याच एका पिढीचं नाव) मात्र थांबून पाहावी. मॅग्नेशियमची १७ इंची चाकं, पुढे २०५, मागे २५५. फरक पन्नास मिलिमीटर! पुढचा टायर जिथे होता तिथेच, मागचा वाढत चाललेला. १९९३ अखेर आलेल्या पुढच्या पिढीने, ९९३ ने, मागचं सस्पेन्शन नव्याने बांधलं, भाराखाली चाक नको तिकडे वळणं थांबलं, आणि सगळं ओझं एकट्या टायरवर टाकायची गरज उरली नाही. १९९९ च्या पहिल्या जीटी३ ला, म्हणजे ९११ च्या ट्रॅककडे झुकलेल्या आवृत्तीला, मिळाले पुढे २२५/४०, मागे २८५/३०, १८ इंची. शर्यतपटू वाल्टर रोर्लने तिला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर आठ मिनिटांच्या आत फिरवलं. पुढच्या-मागच्या टायरमधला फरक आता साठ. त्यानंतर जीटी३ चे आकडे मांडत गेलो तर गंमत दिसते : २३५ आणि ३०५, मग २४५ आणि ३०५, मग २०२१ मध्ये २५५ आणि ३१५. फरक एकदा सत्तरपर्यंत जाऊन पुन्हा साठवर आला. बूड आवरलेलं होतं. आता तोंडाला पकड देत गेले. २०२१ च्या गाडीत तर पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आलं, रस्त्यावरच्या ९११ मध्ये पहिल्यांदाच. ट्रॅकसाठी आपल्या गाडीला चाकं निवडताना मी रुंदीआधी हाच फरक पाहीन. कारखान्याने पुढे-मागे जो तोल धरलाय तो नुसता मागचा टायर वाढवून मोडला, तर गाडी वळायचं नाकारते आणि मालक म्हणतो, पुढचे टायर खराब निघाले.

व्यासाची गोष्ट वेगळी. पंधरावरून २१ इंचापर्यंतच्या वाढीला शोभेइतकाच ब्रेकनेही हातभार लावलाय. आजच्या जीटी३ ची पुढची डिस्क ४०८ मिलिमीटरची आहे. १५ इंची रिम म्हणजे ३८१. करेरा आरएस २.७ च्या आख्ख्या रिमपेक्षा आजची डिस्क मोठी! तरी माझं मन १८ इंचावरच थांबतं. चाक हलकं राहतं, टायर स्वस्त पडतो, ट्रॅकच्या रबराची निवड भरपूर. पुढे २० नि मागे २१ या जोडीला निवड आखडते, आणि कडेची उंची पुढे ८९ मिलिमीटरवर येते. आपल्याकडच्या श्रावणातल्या एका खड्ड्याला तेवढी पुरते.

२००९ पासून जीटी३ ला मधोमध एकच नट असतो. शर्यतीत वेळ वाचतो, दिसतोही देखणा. पण आजच्या ९११ मध्ये तो ६०० न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. हायवेवरच्या कुठल्या टायरवाल्याकडे तेवढा पाना आहे?

सगळी मापं नीट जुळली तरी शेवटचा शब्द हवेचा असतो. दर दहा अंश सेल्सिअसमागे टायरचा दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरभर लांबीच्या सरळ पट्ट्यानंतर जोरात ब्रेक लागतो. तिथे उन्हाळ्यात सकाळी गार टायरमध्ये पुस्तकातला आकडा भरून निघालेली गाडी चौथ्या फेरीला फुगलेल्या टायरवर नाचू लागते. म्हणून जाणकार हवा गरम टायरची मोजतात आणि तिथून उलटे येत गार टायरची ठरवतात. सेमी-स्लिक, म्हणजे जेमतेम नक्षीच्या, टायरला तर उष्णता लागतेच. गार असताना तो पकडत नाही, पावसात भीती घालतो.

इकडे करेरा आरएस २.७ चे मालक एकाच गोष्टीने हैराण असत : त्या जोडीचे चांगले टायर मिळेनात. पिरेलीने जुना चिंटुराटो सीएन-३६ पुन्हा काढलाय, नक्षी जुनी, रबर आजचं. मापं तीच, पुढे १८५/७० आणि मागे २१५/६०. फूटपट्टी लावली तर कडेची उंची अजूनही १२९.५ आणि १२९ च भरते.