जुन्या टीव्हीचे चित्र सुधारताना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचा डबा टीव्ही कायमचा बंद पडला. नवा घ्यायचा तर मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावावा लागला असता. म्हणून मोडनिंबमध्येच एका ओळखीच्या घरातून ३२ इंची एलसीडी संच ४,००० रुपयांत घेतला. घरी आणून जोडला आणि सगळ्यांचेच चेहरे उतरले. पडद्यावरची माणसे लालभडक, अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या आणि बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापलेली. दादी म्हणाली, "अरे, पैसे पाण्यात घातले की!"

दुरुस्तीवाल्याने पडदाच बदलायला सांगितला. त्याचा खर्च जवळपास संचाच्या किमतीएवढा होता. तो करण्याआधी आम्ही घरीच एकेक गोष्ट तपासायचे ठरवले. जे उमगले ते सांगतो, कारण असे संच आज अनेक घरांत आहेत.

आधी फडके, मग वायर

पहिल्यांदा संच बंद करून, थंड झाल्यावर पडदा पुसला. मऊ मायक्रोफायबरचे फडके पाण्याने जेमतेम ओलसर केले. काचेचा स्प्रे किंवा स्पिरिट एलसीडीला लावू नये, वरचा थर खराब होतो. स्वयंपाकाच्या तेलकट धुराचा थर निघाला तेव्हाच चित्र थोडे उजळले.

खरा दोष वायरीत होता. सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीने जोडलेला होता. त्यातली पिवळी पिन संपूर्ण चित्र एकट्या तारेतून नेते. उजेड आणि रंग एकमेकांत मिसळतात, म्हणून कडा फुटतात. शिवाय तिच्यातून जास्तीत जास्त ५७६ रेषांचे जुन्या पद्धतीचे चित्रच जाते. आमच्या संचाचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा आणि बॉक्स एचडी, पण वाट अरुंद! संचाच्या मागे एचडीएमआयचे छिद्र रिकामेच होते. ती वायर आणून जोडली. नंतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ७२० किंवा १०८० वर ठेवले. वायर बदलून हे सेटिंग जुनेच राहिले, तर निम्मा फायदा वाया जातो.

रिमोट हातात घ्या

'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' हा प्रकार दुकानातल्या झगझगाटात संच उठून दिसावा यासाठी असतो. घरात 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' ठेवा. चेहऱ्यांचा लालपणा तिथेच उतरला.

'शार्पनेस' वाढवल्याने चित्र स्पष्ट होते हा गैरसमज आहे. संच फक्त कडेला पांढरी रेघ ओढतो. अक्षराभोवतीची ती रेघ जाईपर्यंत आकडा खाली आणा. कॉन्ट्रास्ट ठरवताना पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या पाहा, त्या दिसल्या पाहिजेत. ब्राइटनेस ठरवताना काळे केस पाहा, केसांचा नुसता काळा गोळा दिसता कामा नये. रंग ठरवताना माणसाचा चेहरा पाहा.

खालची पट्टी कापली जात असेल, तर चित्राच्या आकारात 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. जुन्या कार्यक्रमांत माणसे आडवी जाड दिसली, तर ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळी पट्टी येईल, ती येऊ द्या.

डीडी फ्री डिशवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पूर्वीच्या अँटेनाचा सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या. आता सिग्नल कमी झाला की चित्राचे चौकोन पडतात किंवा ते थिजते. हा दोष संचाचा नसतो. आपल्या भागात ही छत्री आग्नेयेकडे वळलेली असते. वाऱ्याने ती हलली का, फांदी आड आली का, ते आधी पाहा.

जिथे हात लावू नये

पडद्यावर कायमची उभी रेघ असेल, तर तो पडद्याचाच दोष असतो. एखादा भाग काळवंडला असेल, तर आतली एलईडीची पट्टी गेलेली असू शकते. ही दोन्ही कामे कारागिराची. जुना डबा टीव्ही तर कधीच उघडू नका. बंद केल्यावरही त्याच्या नळीत जीवघेणा विद्युतभार राहतो. वापरलेला संच घेताना तो अर्धा तास चालू ठेवायला सांगा आणि पूर्ण पांढऱ्या चित्रावर रेघा-डाग तपासा.

आमचा सारा खर्च एका वायरीपुरता झाला. पोरे खूश झाली, अब्बांनीही मान डोलावली. दादी मात्र म्हणाली, "मला तर अजून पाण्यातून पाहिल्यासारखंच दिसतंय."

आधी आम्ही हसलो. मग अम्मीने तिचा एकेक डोळा तळहाताने झाकून तिला पट्टी वाचायला लावली. उजव्या डोळ्याने एक अक्षर लागेना. पंढरपूरला नेऊन तपासले, तर मोतीबिंदू निघाला. कितीतरी महिने ती बिचारी जुन्या टीव्हीलाच बोल लावत होती आणि आम्हीही तेच मानत होतो. शस्त्रक्रिया झाली. आता बातम्यांची पट्टी ती आमच्याआधी वाचते.

म्हणून शेवटची तपासणीही सांगून ठेवतो. घरात सगळ्यांना चित्र धूसर दिसत असेल तर वायर पाहा. एकट्यालाच दिसत असेल तर त्याचे डोळे तपासून घ्या.