नव्यानें घरांत आलेला साप

श्रोतेहो, साप आणि घर हे दोन शब्द एकत्र आले कीं आपल्या डोळ्यांपुढें काठी, बॅटरीचा झोत आणि आरडाओरडा उभा राहतो. परंतु आज शहरांतील कांहीं घरांत साप हा चोरपावलांनीं न येतां रीतसर पेटींत बसून येतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेंतील एक लहानसा अजगर, ज्याला 'बॉल पायथन' म्हणतात, तो हौशी मंडळी पाळूं लागली आहेत. हा पाहुणा घरीं आल्यावर पहिल्या दिवसांत बहुधा एकच अनुभव येतो. हात लावावा तर तो अंगाची गुंडाळी करून डोकें मध्यें लपवितो, फूत्कार टाकतो, क्वचित् तोंड मारतो, आणि समोर ठेवलेल्या अन्नाकडे पाहतहि नाहीं. धनी म्हणतो, साप आजारी आहे. शेजारी म्हणतात, साप दुष्ट आहे. बहुतेक वेळां दोन्ही निदानें चुकीचीं असतात. साप भ्यालेला असतो, आणि भ्यालेल्या सापावरील औषध जास्त हाताळणें हें नसून कमी हाताळणें हें आहे. आजच्या भाषणाचें सार एवढेंच.

परंतु कोणता साप, हा प्रश्न आधीं सोडविला पाहिजे. पनवेलचेंच उदाहरण घ्या. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस कर्नाळ्याचें रान, आणि मध्यें भाताचीं खाचरें, अशी या भागाची जुनी ठेवण. त्या खाचरांवर नवीं वस्ती झाली. पण उंदीर होते तेथेंच राहिले, आणि उंदरांमागून येणारे सापहि राहिले. पावसाळ्यांत जिन्याखालीं किंवा कुंड्यांच्या आड एखादें पिल्लू सांपडतें, आणि घरांतील उत्साही मुलगा म्हणतो, "बाबा, अजगराचें पिल्लू आहे, पाळूं या." हा क्षण फार धोक्याचा. घोणशीचें पिल्लू आणि अजगराचें पिल्लू यांत अननुभवी डोळ्याची गफलत सहज होते. घोणशीच्या पाठीवर ठळक कडांच्या लांबट ठिपक्यांच्या, सांखळीसारख्या तीन ओळी असतात. अजगराच्या अंगावरील पट्टे मोठे व वेडेवांकडे असतात. पण भीतीनें वेटोळें घातलेल्या पिलाच्या पाठीवर हा फरक वाचीत बसणें हें गृहस्थाचें काम नव्हे. घोणस ही आपल्याकडील अत्यंत विषारी सापांपैकीं एक आहे, आणि तिचें पिल्लूहि जन्मतः विषारी असतें.

शिवाय आपल्या रानांतील साप धरून घरीं ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. असा साप दिसल्यास दूर उभें राहावें, त्याच्यावर नजर ठेवावी, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. परदेशी बॉल पायथनलाहि आतां नियम लागू आहेत. २०२२ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणें अशा प्राण्याची नोंदणी करणें धन्यावर बंधनकारक आहे. ज्या विक्रेत्याजवळ कागदपत्र नाहीं, त्याच्याकडून साप घेऊं नये.

आतां भीतीकडे वळूं. भ्यालेला साप काय करतो याचें एक बहुश्रुत उदाहरण पनवेलजवळच घडलें. डिसेंबर २०२१ मध्यें प्रसिद्ध सिनेनट सलमान खान यांच्या तेथील शेतघरांत एक साप शिरला. त्यांनीं स्वतः वृत्तपत्रांना सांगितलेल्या हकिगतीप्रमाणें, ते काठीनें त्याला बाहेर काढीत असतां साप काठीवरून हातापर्यंत चढला, भोंवतीं गलका झाला, आणि तो चावला. साप बिनविषारी निघाला व कांहीं तासांत ते रुग्णालयांतून घरीं परतले. सापाच्या बाजूनें ही हकीगत पाहिली तर तिच्यांत दुष्टपणा कोठेंच नाहीं. अनोळखी जागा, चोहोंकडे हालचाल आणि निसटण्यास वाट नाहीं, एवढ्यावरून तो चावला. नव्यानें विकत घेतलेल्या सापाचीहि पहिल्या आठवड्यांत हीच अवस्था असते. फरक इतकाच, कीं त्याला तेथें आपण आणलेलें असतें.

सापाला बाहेरचे कान नाहींत; जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडांतून कळते, आणि खालच्या पट्टीचे आवाज हवेंतूनहि जाणवतात. दार आपटणें किंवा पेटीवर बोटें वाजविणें हें त्याला भूकंपासारखें वाटत असावें. जीभ बाहेर काढून तो हवेंतील गंधाचे कण टाळूजवळच्या इंद्रियाकडे नेतो. म्हणून प्रत्येक नवा वास ही त्याच्यासाठीं एक बातमी असते. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खांचा असतात. समोरून आलेला ऊबदार हात त्याला उंदीर वाटूं शकतो, आणि वरून झडप घातलेला हात घार वाटूं शकतो. दोन्ही समजुतींचा शेवट चावण्यांतच होतो.

यावरून पहिल्या आठवड्याचा क्रम आपोआप ठरतो. पेटी लहान, सुरक्षित झांकणाची आणि वर्दळीपासून दूर असावी. हा साप रानांत उंदरांच्या बिळांत व वाळवीच्या वारुळांत राहतो. म्हणून पेटींत अंग घासून बसतां येईल अशीं दोन अंधारीं लपण्याचीं घरें हवींत, एक ऊबदार टोंकाला व एक थंड टोंकाला. ऊबदार टोंकाचें उष्णमान सुमारें ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड टोंकाचें २५ ते २७ अंश असावें. पनवेलच्या मे महिन्यांत मात्र ऊब देण्यापेक्षां उन्हापासून वांचविणें अधिक महत्त्वाचें. खिडकींतून ऊन येणारी कांचेची पेटी थोड्याच वेळांत त्याचा प्राण घेऊं शकते. पाण्याचें भांडें नेहमीं भरलेलें असावें. दूध मात्र देऊं नये. नागपंचमीचें चित्र कांहींहि सांगो, दूध हें सापाचें अन्न नव्हे.

हा आठवडा त्याला मुळींच हात लावूं नये. पाणी बदलावें, घाण काढावी, आणि झांकण लावावें. त्यानंतर अन्न द्यावें. त्यानें एकदोनदां शांतपणें खाल्लें म्हणजे भीति ओसरूं लागली असें समजावें. या जातीचे साप कित्येक आठवडे उपाशी राहूं शकतात; तेव्हां एका नकारानें घाबरून रोज अन्न पुढें करूं नये. मात्र वजन घटूं लागलें, किंवा तोंडाशीं फेस दिसला, तर प्राण्यांच्या वैद्याला दाखवावें.

मग पहिला स्पर्श. हात साबणानें धुवावे, म्हणजे उंदराचा वास राहणार नाहीं. आधीं कागदाच्या मऊ सुरळीनें अंगाच्या मध्यभागीं हलकेंच स्पर्श करावा. अन्न आलेलें नाहीं, हें त्यावरून तो हळूहळू ओळखूं लागतो. नंतर बाजूनें, सावकाश, शरीराच्या मध्याखालीं हात घालून त्याला उचलावें. मान धरूं नये, शेपटीला लोंबकळूं देऊं नये. सगळ्या अंगाला आधार मिळाला कीं साप सैल होतो. पहिल्या खेपेस पांच मिनिटें पुष्कळ झालीं. आठवड्यांतून दोनतीन वेळां याहून अधिक नको. जेवणानंतर दोन दिवस आणि कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर धूसर झाले असतां त्याला मुळींच उचलूं नये.

मान इंग्रजी 'एस्' या अक्षरासारखी आंखडली, अंग ताठ झालें किंवा फूत्कार सुरू झाला, तर तेथेंच थांबावें. पण हात झटक्यानें मागें ओढूं नये. चावलाच तर ओढाओढ केल्यानें त्याचे मागें वळलेले दांत मोडतात व आपली जखम वाढते. स्थिर राहावें, बहुधा तो लगेच सोडतो. मग जखम साबणानें धुवावी. हाताळून झाल्यावरहि हात धुवावेतच, कारण सापाच्या अंगावर पोटाचे विकार करणारे जंतु असूं शकतात. लहान मुलांच्या हातीं तो एकटा देऊं नये.

श्रोतेहो, शेवटीं अपेक्षेविषयीं दोन शब्द. कुत्रा धन्याची वाट पाहतो. साप पाहत नाहीं. त्याच्याकडून लळ्याची आशा धरून त्याला पुनःपुन्हां उचलणारा मनुष्य त्याची भीतीच वाढवितो. साप देऊं शकतो ती गोष्ट एकच: तो आपल्याला भिण्याचें सोडून देतो. आणि हा करार दीर्घ मुदतीचा आहे. बॉल पायथन नीट सांभाळल्यास वीस ते तीस वर्षें जगतो. पंधरा वर्षांच्या मुलानें हट्टानें आणलेला साप त्याच्या संसारांतहि सोबत असूं शकतो. कंटाळा आला म्हणून त्याला कर्नाळ्याच्या रानांत सोडणें हा त्या प्राण्यावर अन्याय, आणि परका जीव व त्याचे रोग आल्यानें रानावरहि अन्याय. इतकीं वर्षें शांतपणें वाट पाहण्याची तयारी असेल त्यानेंच साप घरीं आणावा. ज्याची नसेल, त्यानें तो रानांत, दुरून पाहावा; त्यांतहि आनंद कमी नाहीं.