अ‍ॅक्सोलॉटलचीं अंडीं

गेल्या माघांत आमच्या पुतण्याच्या मुलाचा इंग्लंडाहून निरोप आला : ‘आजोबा, टाकींतल्या वनस्पतींवर रात्रींतून तीनशेंवर अंडीं आलीं आहेत. आतां काय करूं?’ त्यानें कांचेच्या टाकींत अ‍ॅक्सोलॉटल नांवाचे दोन प्राणी पाळिले आहेत. दोन्ही नरच, असें विकणाऱ्यानें त्यास छातीठोकपणें सांगितलें होतें! आमचें शिक्षण संस्कृताचें. तरी नातवाच्या प्रश्नास ‘ठाऊक नाहीं’ म्हणणें जन्मभर शिकविलेल्या माणसास जड जातें. म्हणून त्याच दिवशीं वाचावयास बसलों, आणि गोडी लागल्यामुळें पुढेंही वाचीत राहिलों.

हा प्राणी मूळचा मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील सोचिमिल्को सरोवराचा. बेडकासारखाच उभयचर, पण आकार पालीसारखा, आणि मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे कल्ले. तेथील नाहुआत्ल भाषेंत ‘आत्ल’ म्हणजे पाणी, आणि ‘शोलोत्ल’ हें एका देवतेचें नांव. त्यांवरून हें नांव झालें. बेडूकमाशाचा बेडूक होतो, तसें यास प्रौढपण येत नाहीं. कंठग्रंथीचा स्राव अपुरा असल्यामुळें कल्ले न टाकतां, पाणी न सोडतां, बाल्यरूपांतच तो प्रजोत्पादन करितो.

इ. स. १८६४ मध्यें मेक्सिकोहून ३४ प्राणी पॅरिसला आले. त्यांपैकीं ५ नर व १ मादी प्राध्यापक ऑग्यूस्त द्युमेरील यांच्या हवालीं झालीं. १८६५ च्या आरंभीं त्या मादीनें अंडीं घातलीं, पिलें वाढलीं, आणि त्याच वर्षीं त्यांतील कांहींचे कल्ले झडून तीं जमिनीवर राहूं लागलीं! पंडितांत यावर पुष्कळ चर्चा झाली. आज प्रयोगशाळांतील व घरोघरचे बहुतेक अ‍ॅक्सोलॉटल याच गोतांतले. सगोत्राचा विचार करणाऱ्या वाचकांस येथें शंका येईल, आणि ती रास्तच आहे. भावाबहिणींच्या जोडीची प्रजा दुर्बल निघण्याचें भय असतें.

मीलनाची रीत मोठी संयमाची. नर मादीस तोंडानें हलकेच ढोसतो, शेंपटी हालवीत पुढें चालतो, आणि तळाशीं बुळबुळीत पदार्थाचे लहान शंकु ठेवितो. त्यांच्या टोंकावर शुक्राचा पांढरा ठिपका असतो. मागून येणारी मादी तो आपल्या अंगांत घेते. पुढें बहुधा एक ते तीन दिवसांत ती अंडीं घालूं लागते, एकेक पानास चिकटवीत, शंभरापासून हजारापर्यंत. त्यानंतर मात्र नरास वेगळें ठेवलेंच पाहिजे. तो पुन्हां पुन्हां मागें लागतो, आणि लागोपाठच्या प्रसूतींनीं मादी खंगते. दीड वर्षाच्या आंत तर तिला या फेऱ्यांत पाडूंच नये.

आईबापच अंडीं खातात, म्हणून तीं निराळ्या भांड्यांत काढावीं. दोन-तीन आठवड्यांत पिलें बाहेर येतात. पाणी थंड हवें. चोवीस अंशांवरील उष्णता या प्राण्यास सोसत नाहीं. पुण्याच्या वैशाखांत पाणी गार ठेवणारें यंत्र नसेल, तर हा छंद क्रौर्यच ठरेल. पिलांस भक्ष्यही जिवंत व हालणारें लागतें, रोजच्या रोज. हें ऐकून मुलाच्या आजीनें कपाळास हात लाविला. पोट भरलें नाहीं, तर पिलें एकमेकांचे पाय तोडतात; पाय पुन्हां उगवतात खरे, पण सर्वच जगतात असें नाहीं.

तीनशें पिलें पोसणें त्या पोरास शक्य नव्हतें. जाणते लोक सांगतात कीं, जास्तीचीं अंडीं पहिल्या एक-दोन दिवसांतच गोठवावीं. आम्ही मुंगीच्या वारुळास साखर घालणाऱ्या घरांतले. एक रात्र झोंप लागली नाहीं. पण तीनशें जीव जन्मास घालून उपासानें मारणें हें त्याहून वाईट, असें ठरवून सकाळीं कळविलें : ‘वीस ठेव, उरलेलीं आजच गोठव. ओढ्यांत कदापि सोडूं नको.’

‘मग मेक्सिकोस कां पाठवूं नयेत?’ हा त्याचा पुढचा प्रश्न. तोही वावगा नव्हता. सोचिमिल्कोंत १८९८ नव्हे, अगदीं अलीकडे १९९८ मध्यें दर चौरस किलोमीटरांत सुमारें ६,००० अ‍ॅक्सोलॉटल आढळले. २०१४ मध्यें अवघे ३६! पाणी दूषित झालें, आणि बाहेरून आणून सोडलेले कार्प व तिलापिया मासे अंडीं-पिलें फस्त करतात. पण टाकींतल्या पिलांबरोबर रोग जातील, आणि त्यांचें रक्तही शुद्ध राहिलेलें नाहीं. दुसऱ्या जातीशीं त्यांचा संकर झालेला आहे. तेथील कालव्यांचें पाणी सुधारावें लागेल, आणि तें काम शेतकऱ्यांना हाताशीं धरून कांहीं शास्त्रज्ञ करीत आहेत.

विसांपैकीं सतरा अंडीं फुटलीं. नर आतां दुसऱ्या टाकींत आहे. पिलांस नांवें सुचवा, असा नातवाचा आग्रह आहे; पण नर कोण, मादी कोण, हें वर्षभर तरी उमगत नाहीं म्हणतात, तेव्हां तूर्त आम्ही नपुंसकलिंगी शब्द शोधीत आहों.