यलोस्टोन : हद्द आखली, कायदा मागे राहिला

१ मार्च १८७२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांची सही झाली आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान जन्माला आलं. पण तिथे कुणी प्राणी मारला तर शिक्षा काय, हे त्या कायद्यात नव्हतंच. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड बिनपगारी होते. शिकाऱ्यांना रान मोकळं मिळालं.

१८८६ मध्ये लष्कराचं घोडदळ आलं. गस्त सुरू झाली, शिकारी सापडूही लागले. मात्र त्यांचं सामान जप्त करून त्यांना हद्दीबाहेर हाकलण्यापलीकडे जवानांच्या हाती काही नव्हतं. १८९० मध्ये वायोमिंगला राज्याचा दर्जा देतानाही उद्यानावरचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडेच ठेवला. शिक्षेचं कलम तेव्हाही आलं नाही.

मार्च १८९४. पेलिकन खोऱ्यात बर्फ साचलेलं. एडगर हॉवेल नावाचा शिकारी मारलेल्या बायसनचं कातडं सोलण्यात गुंग होता. बंदूक थोड्या अंतरावर ठेवलेली. वारा असा होता की त्याच्या कुत्र्यालाही चाहूल लागली नाही. लष्कराचा टेहळ्या फेलिक्स बर्जेस मोकळ्या बर्फावरून थेट जवळ पोहोचला, पिस्तूल रोखलं आणि त्याला पकडलं. योगायोगाने ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ साप्ताहिकाचे बातमीदार इमर्सन हफ तेव्हा उद्यानातच होते. त्यांच्या वार्तांकनाने देश खवळला आणि काँग्रेसने मंजूर केलेला लेसी कायदा ७ मे रोजी अमलात आला : दोन वर्षांपर्यंत कैद, हजार डॉलरपर्यंत दंड आणि खटले ऐकायला उद्यानातच एक कमिशनर. एका बातमीने दोन महिन्यांत जे घडवलं, ते आधीच्या बावीस वर्षांत सरकारला जमलं नव्हतं.

तरीही एक फट राहिलीच. उद्यानाचा थोडा भाग माँटाना आणि आयडाहो राज्यांत येतो, पण सगळं उद्यान वायोमिंगच्या केंद्रीय न्यायालयाला जोडलेलं. राज्यघटना म्हणते, ज्युरी गुन्हा घडला त्याच राज्यातली आणि त्याच न्यायिक जिल्ह्यातली हवी. आयडाहोच्या वाट्याच्या सुमारे पन्नास चौरस मैलांत वस्तीच नाही; मग ज्युरी आणायची कुठून, आणि तिच्याविना खटला चालवायचा कसा? २००५ मध्ये कायद्याचे प्राध्यापक ब्रायन काल्ट यांनी हे दाखवून दिलं. त्याच वर्षी उद्यानाच्या माँटानाकडच्या भागात एल्क मारलेल्या एका शिकाऱ्याने नंतर खटल्यात हाच बचाव मांडला. न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि पुढे तडजोडीत आरोपीने या मुद्द्यावरचं अपील सोडलं. त्यामुळे वरच्या न्यायालयाचा निकाल आलाच नाही.

काल्ट यांनी सुचवलेला उपाय साधा आहे : आयडाहोचा तुकडा आयडाहोच्या न्यायालयाला जोडा. २०२२ मध्ये आयडाहोच्या विधिमंडळातूनही हीच मागणी झाली. एका दुरुस्तीचं काम आहे. एखाद्याचा जीव जाण्याआधी काँग्रेसने ते उरकावं.