पूर्वजांचा शोध आणि तीर्थोपाध्यांच्या वह्या

घराण्याच्या इतिहासावर हल्ली जे लिहिले जाते, त्यात थडगी, समाध्या आणि वीरगळ यांचे नको तितके कौतुक असते. जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्याच्या परिसरात या वाटेने जाणारा हमखास फसतो. तिथून फार दूर नसलेल्या असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी लढाई झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने आपले ४२८ मृत, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता अशी नोंद केली. नावानिशी उल्लेख मिळाला तो अधिकाऱ्यांना. मद्रासी शिपाई आकड्यातच राहिले. शिंदे-भोसल्यांकडच्या मृतांचा तर नुसता अंदाज. जिंकणाऱ्याच्या दप्तरात ही गत, तर रानातल्या दगडाकडून काय अपेक्षा धरायची? तरीही गावोगावचे काही उत्साही संशोधक शेंदूर माखलेल्या प्रत्येक वीरगळाला कुठल्यातरी आडनावाचा मूळपुरुष ठरवून मोकळे होतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपूजा असा त्या शिळेचा ठरीव घाट असतो आणि बहुतेकींवर एक अक्षरही नसते. त्यावरून फार तर काळाचा तर्क करावा, कुळाचा नव्हे.

ज्या समाजात बहुसंख्यांचे दहन होते आणि अस्थी गोदावरीत जातात, तिथे मृताची खूण जागेवर शोधणेच चुकीचे. ती नात्यात असते, आणि नाते लिहून ठेवले ते त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, गया इथल्या तीर्थोपाध्यांनी. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात, आईकडचीही लागतात. घरात ती आठवेनाशी झाली की नामावळीची वही काढायची. गाव आणि आडनाव सांगितले की पान उघडते: कोण आले, सोबत कोण, कोणाचे श्राद्ध, भाऊ किती, मुलगे किती, गाव सोडले असल्यास आता वस्ती कुठे. जुनी पाने मोडीत. ‘उपाध्ये यजमानाला खूश करायला काहीही लिहितील,’ हा आक्षेप जाणकार म्हणवणारेही घेतात. तो भाटांच्या राजवंशी वंशावळींना लागू पडतो; नामावळी हा मुळात धंद्याचा कागद आहे. यजमान कोणाचा, हे तीवरून ठरते. नाव चुकले तर कुळ शेजारच्या उपाध्याकडे जाणार, मग खोटे लिहून त्याला काय मिळणार? वारसाहक्काच्या दाव्यांत न्यायालयांनी पंड्यांच्या, म्हणजे उत्तरेतल्या तीर्थोपाध्यांच्या, वह्या पुराव्यात पाहिल्या आहेत, ते उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवरच अडवले आणि ज्यांच्याकडे यात्रेपुरता पैसाही नव्हता, त्यांच्याबाबत या वह्या मुक्या आहेत. तिथे वतनाचे कागद, गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा यांचाच आधार. पण हे सरकारी कागद माणसाला एकेकटा पकडतात. भाऊबंदकी जुळवायला शोधणाऱ्याला दहा दप्तरे फिरावी लागतात. 

२०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी झालेल्या अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर, मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यात मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. निजामकाळातली दप्तरे उघडली, हैदराबादपर्यंत शोध गेला. इतकी मोठी वंशशोधाची लाट या भागाने पाहिली नव्हती. पण शोध ‘कुणबी’ या एका शब्दापाशी थांबला. तो सापडला की प्रमाणित प्रत घ्यायची, पणजोबापासून आपल्यापर्यंत एक सरळ रेघ ओढायची आणि जात पडताळणीच्या रांगेत उभे राहायचे. त्या रेघेत पणजी नाही, निपुत्रिक मेलेला चुलता नाही, गाव सोडून गेलेली शाखा नाही. प्रमाणपत्राला त्यांची गरज नसते, म्हणून त्यांची नावे उतरवून घेण्याची तसदीही कोणी घेत नाही. ती मिळाली तर तीर्थोपाध्यांच्या वह्यांतच मिळतील. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने घेतली. आपल्याकडे त्र्यंबकच्या वह्या वाटण्यांमध्ये भावाभावांत फुटत आहेत, आणि एका गावाची पाने दोन घरांत गेली की पुढच्या यजमानाला कोणत्या दारात जायचे हेच कळत नाही.