माणिकनगरची वही

माझे वडील ऐन तारुण्यात बडोद्याच्या कलावंत कारखान्यात गवई म्हणून लागले आणि १९४९ साली संस्थान विलीन होईतो तेथेच गायिले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. माणिकप्रभूंची पदे त्यांच्याच तोंडून शिकलो. म्हणून गेल्या दत्तजयंतीस बिदर जिल्ह्यातील हुमनाबादजवळच्या माणिकनगरास सेवा रुजू करावयास गेलो, तेव्हा मन भरून आले.

तेथे भालकीकडचा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा प्रभूंचे मराठी पद म्हणत होता. उच्चार स्वच्छ, लय पक्की. कौतुकाने त्याची वही हाती घेतली, तो पद मराठी, पण लिपी कानडी! "घरी मराठीच बोलतो, गुरुजी, शाळा कानडी आहे," तो म्हणाला.

यात कानडीचा दोष नाही. प्रभूंनी मराठीप्रमाणे कानडीतही पदे रचिली. गाणगापूरच्या नृसिंहसरस्वतींचे 'गुरुचरित्र' मराठीत लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कानडी होती, असे सांगतात. निजामाच्या राज्यात तर या दोन्ही भाषा सारख्याच उपेक्षित होत्या. कारभार उर्दूत, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूत. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी हवी. अशा दिवसांत १९०७ साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, नूतन विद्यालय उभे राहिले. हैदराबादेतील विवेकवर्धिनीही त्याच सुमारास केशवराव कोरटकरांसारख्यांच्या खटपटीने निघाली. फळा, खडू आणि तुटपुंजा पगार यांवर ज्या शिक्षकांनी मातृभाषा जगविली, त्यांचे पुतळे कोणी उभारले नाहीत.

पुढे १९५६ साली प्रांतरचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसुरात गेले. त्याच वर्षी १७ जानेवारीस बेळगावात गोळीबारात माणसे पडली. सीमाभाग तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतो. त्याच वर्षी घटनेत ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगण्यात आले. ढाक्यात २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी तरुणांनी प्राण दिले. युनेस्कोने १९९९ साली तो दिवस मातृभाषा दिन म्हणून जाहीर केला. सभा होतात, हार पडतात. ते योग्यच आहे. पण वहीतली लिपी हाराने बदलत नाही.

हा विचार मनात घोळवीत घरी परतलो आणि सहज माझ्या मुलीची गाण्याची वही चाळली. अभंग तुकोबांचा, लिपी गुजराती! वाचकहो, त्या मुलावर निदान सरहद्द तरी आडवी आली होती. आपणांवर कोणाची सक्ती झाली? बडोद्यात पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या आपल्या घरांतून मराठी कोणी हिरावून नेली नाही. ती आपणच उंबऱ्याबाहेर ठेविली.

येत्या २१ फेब्रुवारीस मी भाषण करणार नाही. माझ्या वर्गात मराठी पदे बाळबोधीतच उतरवून घ्यावयाची, एवढा नियम केला आहे. माणिकनगरच्या त्या मुलास त्याचे पद बाळबोधीत लिहून हवे होते. ते मुलीकडून लिहविले. तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकले. तिनेच खोडून सुधारले. खाडाखोडीसह कागद टपालात टाकला. ज्यांनी आपली अक्षरे राखली, त्यांच्या स्मृतीस यंदा आमच्या घरून एवढेच पान गेले आहे.