अर्थवाटा – भाग 7 : सोसायटीचे दप्तर तपासणारा माणूस

सरकारी बाजारभावाच्या तक्त्यात संग्रामपूरच्या नावाला लागून कंसात ‘वरवट बकाल’ असे छापलेले असते. तालुका संग्रामपूरचा, पण बाजार वरवटचा. इथे सोयाबीन, तूर, हरभऱ्याची हर्रासी झाली की मालापाठोपाठ कागद निघतात: काटापट्टी, सौदापट्टी, अडत्याची वही, बाजार समितीचे सेसचे रजिस्टर, आणि शेवटी सोसायटीच्या खतावणीत शेतकऱ्याच्या नावापुढची बाकी. व्यापार आणि अर्थकारणातले करिअर म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईची काचेची इमारत येते. पण गावातल्या या कागदांवर पूर्ण वेळेचे, मानाचे आणि कायद्याने बांधलेले काम उभे आहे. आज त्याच कामाबद्दल लिहितो आहे, कारण बारावी कॉमर्सच्या वर्गातही त्याचे नाव क्वचितच निघते.

हिशेबाचा कायदा वऱ्हाडाला बाहेरून शिकावा लागलेला नाही. 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. त्या काळी वऱ्हाड निजामाचे आणि कारभार इंग्रज रेसिडेंटचा. त्या रेसिडेन्सीच्या हुकमाने 1886 मध्ये कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. इंग्रजांना त्यांच्या गिरण्यांसाठी स्वच्छ कापूस खात्रीने हवा होता, हे खरे. तरीही माप, तोल आणि कटती कायद्याच्या नजरेखाली आणण्याची सुरुवात या मातीत झाली. महाराष्ट्राचा आजचा बाजार समिती कायदा 1963 चा, म्हणजे त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळाने आलेला.

आता मूळ मुद्दा. गावातली सेवा सहकारी सोसायटी, नोकरदारांची पतसंस्था, खरेदी-विक्री संघ, दूध संस्था या सगळ्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या असतात. त्या कायद्याच्या कलम 81 नुसार प्रत्येक संस्थेचे लेखापरीक्षण दरवर्षी व्हावेच लागते, आणि तेही आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांच्या आत, म्हणजे 31 जुलैपर्यंत. 2013 च्या दुरुस्तीनंतर संस्थेची सर्वसाधारण सभा शासनाच्या नामतालिकेतून आपला लेखापरीक्षक निवडते. या तालिकेत सीए असतात, तसे प्रमाणित लेखापरीक्षकही असतात. प्रमाणित लेखापरीक्षक व्हायचे तर पदवी हवी, जीडीसी अँड ए ही सहकार व लेखाशास्त्राची शासकीय पदविका हवी, सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, आणि मराठीचे कामचलाऊ तरी ज्ञान हवे. ही शेवटची अट कायद्यातच लिहिलेली आहे. इंग्रजी कच्चे म्हणून खचलेल्या मुलामुलींनी ती दोनदा वाचावी.

जीडीसी अँड ए ही परीक्षा सहकार खाते घेते, साधारणपणे मे महिन्यात. तीन दिवसांत सहा पेपर. हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व तत्त्वे, सहकार कायदा व इतर कायदे, सहकारी बँका व पतसंस्था, आणि गृहनिर्माण संस्थांचे व्यवस्थापन असा तिचा आवाका आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो आणि उत्तरे मराठीत लिहिता येतात. बीए झालेल्या मुलाला हिशेबशास्त्राचा पेपर जड जातो, बीकॉमवाल्याला कायद्याचा. दोघांनी एकत्र अभ्यास केला तर दोघांचेही काम हलके होते. गृहनिर्माणाचा पेपर खेड्यातल्या मुलांना निरुपयोगी वाटतो. तो टाळू नये. राज्यात दोन लाखांहून जास्त सहकारी संस्था आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गृहनिर्माण संस्था आहेत. उद्या पोटापाण्यासाठी पुण्याला जावे लागले तरी ही पदविका तिथेही कामाला येते.

पण हा माणूस नेमके करतो काय? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, पावत्यांवर टिकमार्क. सेवा सोसायटीचे उदाहरण घेऊ. सोसायटी जिल्हा बँकेकडून कर्ज उचलते आणि तेच सभासदांना पीककर्ज म्हणून वाटते. त्यामुळे दोन आकडे जुळायला हवेत: सभासदांकडून सोसायटीला येणे आणि सोसायटीकडून बँकेला देणे. समजा, सभासदांकडे येणे 40 लाख आहे आणि बँकेला देणे 52 लाख. मधल्या 12 लाखांना सहकारात ‘अनिष्ट तफावत’ म्हणतात. कर्ज फेडणारे सभासद शिल्लक आहेत 40 लाखांपुरते, बँकेचा तगादा मात्र 52 लाखांचा.

ही तफावत एका रात्रीत पडत नाही. वसूल झालेली रक्कम बँकेत भरण्याऐवजी पगारात आणि खर्चात जाते. बँक एका दराने व्याज लावते, सोसायटी दुसऱ्या. सभासदाने भरलेला हप्ता पावतीवर असतो, खतावणीत नसतो. कधी सरळ अपहारही असतो. म्हणून चांगला लेखापरीक्षक आधी हातातली रोकड मोजतो, बँकेचा शिलकेचा दाखला मागवतो, आणि मग सभासदांना गाठून विचारतो, “काका, तुमच्या नावावर इतकी बाकी दाखवली आहे, बरोबर आहे का?” माझ्या मते या एका प्रश्नात सगळ्या विद्येचा कस लागतो. दप्तर दप्तराशी जुळवणे सोपे असते. दप्तर माणसाशी जुळवायला गाव माहीत असावे लागते, आणि ते वरवटच्या मुलाला शहरातून आलेल्या माणसापेक्षा नक्की जास्त माहीत असते.

चूक राहिली तर किंमत कोण मोजतो? 2008, 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्यांच्या याद्यांसाठी माहिती बँकांच्या आणि सोसायट्यांच्या खात्यांतूनच गेली. खात्यात थकबाकीची तारीख चुकली, नाव चुकले, भरणा चढवलाच नाही, तर पात्र शेतकरीही यादीबाहेर राहू शकतो. तो तहसीलच्या पायऱ्या झिजवतो आणि त्याला कळतही नाही की चूक त्याच्याच गावातल्या एका पानावर आहे. एका चुकीच्या नोंदीने एका घराचा पुढचा हंगाम अडतो, म्हणून मी या कामाला कारकुनी म्हणायला तयार नाही.

याचे मोठे रूप आपल्या बुलढाणा जिल्ह्याने पाहिले आहे. थकीत कर्जे वाढत गेली, भांडवलाचे निकष पुरे झाले नाहीत, आणि 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने चार राज्यांतल्या अशा 23 जिल्हा बँकांसाठी सुमारे 2,375 कोटींची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातल्या नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन होत्या. बँक अडली की सोसायटीमार्फत मिळणारे पीककर्ज अडते, आणि पेरणी काही थांबत नाही. त्याच जिल्ह्यात 1986 मध्ये सुरू झालेली बुलडाणा अर्बन ही पतसंस्था वाढत वाढत देशातल्या मोठ्या पतसंस्थांत गणली जाऊ लागली. गोदामात ठेवलेल्या शेतमालावर कर्ज देण्यासाठी ती ओळखली जाते.

शेतमाल तारण हे समजून घेण्यासारखे दुसरे काम. राज्य कृषी पणन मंडळ 1990-91 पासून बाजार समित्यांमार्फत ही योजना चालवते. 20 क्विंटल सोयाबीन आणि भाव 4,400 रुपये धरला, तर मालाची किंमत 88,000. तिच्या 75 टक्के, म्हणजे 66,000 रुपये कर्ज मिळते. वार्षिक 6 टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज 1,980, म्हणजे क्विंटलमागे 99 रुपये. सहा महिन्यांत भाव त्याहून जास्त चढेल का, ओलावा आणि घट किती जाईल, हा हिशेब शेतकऱ्यासमोर बसून मांडून देणारी व्यक्ती बाजार समितीत, गोदामात, शेतकरी उत्पादक कंपनीत, सगळीकडे लागते. भाव चढलाच नाही तर काय, हेही तिने आधीच सांगायला हवे.

उत्पादक कंपन्यांबद्दल थोडक्यात. 2020 च्या दहा हजार कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत पहिली तीन वर्षे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला दरमहा 25,000 आणि लेखापालाला 10,000 रुपयांपर्यंत मदत धरलेली आहे. तीन वर्षांनंतर पगार कंपनीच्या धंद्यातून निघावा लागतो. आधी कंपनीची उलाढाल पाहावी, मगच हो म्हणावे.

सीएची वाट आपण टाळतो आहोत असे कुणी समजू नये. बारावीनंतर फाउंडेशन, किंवा बीकॉमला 55 टक्के असतील तर थेट इंटरमीडिएट, आणि नव्या रचनेत दोन वर्षांची आर्टिकलशिप. ज्याला जमेल त्याने जरूर करावे. ग्रामीण बँकेचीही वाट आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, आणि ग्रामीण बँकांच्या भरतीची परीक्षा मराठीतून देता येते.

पण ज्याला किंवा जिला घर, शेती, आजारी आईवडील यांमुळे तालुका सोडता येत नाही, त्यांच्यासाठी जीडीसी अँड ए ही मला सर्वांत जवळची आणि सर्वांत कमी ओळखलेली वाट वाटते. मुलींसाठी तर विशेष, कारण बहुतेक काम तालुक्याच्या हद्दीत आणि दिवसाउजेडी होते.

अडचण एकच, तीन वर्षांच्या अनुभवाची. त्यासाठी खामगाव, शेगाव किंवा अकोल्यात नामतालिकेवरचा लेखापरीक्षक गाठून त्याच्या हाताखाली काम धरावे लागते. सुरुवातीला मानधन तुटपुंजे असते, हे घरी आधीच सांगून ठेवावे. उमेदवारीला योग्य काळ एप्रिल ते जुलै, कारण मार्चअखेरची दप्तरे तेव्हा तपासायला निघतात आणि माणसे कमी पडतात. गावच्या सोसायट्या आता संगणकावर येत आहेत. केंद्राने 2022 मध्ये 63,000 सोसायट्यांसाठी 2,516 कोटींचा प्रकल्प मंजूर केला, त्यामुळे जुनी खतावणी आणि स्क्रीनवरची बाकी ताडून पाहण्याचे काम पुढची काही वर्षे भरपूर राहणार. सुरुवात म्हणून आपल्या सोसायटीच्या गटसचिवाला विचारून गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचा दोषदुरुस्ती अहवाल वाचायला मागावा. आपल्या घरातले कुणी सभासद असेल तर त्यांना सोबत न्यावे. मिळाला की आधी दोष लिहिलेली पाने वाचावीत.